शिफारसपत्रं

सव्वीस वर्षं मी कोच ऑस्ट्रँडरची पत्रं टाइप केली.
तो दारातच उभा राहून सांगायचा,
बुटांना चिखल, म्हणून आत यायचा नाही.
"लिही. हा मुलगा वेळेवर येतो."
पत्रात सगळीच मुलं वेळेवर यायची.

आमचं कॉलेज दोनच वर्षांचं.
कॅन्ससच्या नकाशावर जिथे घडी पडून कागद विरलाय, तिथे.
एक धान्याचं कोठार, एक तुरुंग, मधे आम्ही.
मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेली,
किंवा घेऊन परत पाठवलेली पोरं
फ्लोरिडाहून, ओकलंडहून बसने उतरायची,
कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत,
आणि पहिल्याच रात्री विचारायची,
इथून लवकरात लवकर कधी जाता येतं?
"त्याचाच तर मला पगार मिळतो," कोच म्हणायचा.

ज्याला जमलं तो गेला.
असा धंदा मी दुसरा पाहिला नाही,
माल चांगला निघाला की दुकान रिकामं.
ऑगस्टमध्ये पुन्हा श्रीगणेशा:
असं वाकायचं, असं धडकायचं, डोकं वर,
डोकं वर रे बाबांनो,
मोडक्या मानेसाठी कॉलेजकडे तरतूद नाही.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी
मैदानावरच्या रेषा तो स्वतः मारायचा,
दर पाच यार्डांना एक.
रंगाचं यंत्र जुनं, डावीकडे ओढणारं,
त्यामुळे आमची चाळीसची रेषा कायम तिरकी.
पाहुण्यांच्या कोचने एकदा तक्रार केली.
हा म्हणाला, "तुम्हालाही तेवढीच तिरकी आहे."
तो सामना आम्ही हरलो.
एकूण जिंकले एकशे एक्कावन्न, हरले एकशे अठ्ठावन्न,
वादळामुळे अर्धवट राहिलेला एक
अजून कुठेच धरलेला नाही.

ट्रेव्हियन पेटिग्रू.
सहा फूट पाच, हात असे की लांबट चेंडू त्यात लिंबू वाटावा.
बीजगणितात दोनदा नापास.
तेव्हा कोच त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसला,
अख्खं सत्र, चौपन्नाव्या वर्षी,
फी भरून, वही घालून.
पोराला बी मिळाला.
कोचला सी.
गुणपत्रिका माझ्याच हातून गेली, म्हणून माहीत.

आणि एकदा, बहुतेक अकराव्या वर्षी,
तो दारात बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "एक पत्र माझ्यासाठी."
नेब्रास्कात कुठेतरी जागा होती, मदतनीस कोचची,
खरं स्टेडियम, पगार दुप्पट,
मॅव्हिसला तिच्या बहिणीजवळ राहता आलं असतं.
मी कागद चढवला. काय लिहू?
तो छताकडे पाहत राहिला.
दुसऱ्यांबद्दल किती भराभरा सांगायचा हा माणूस!
"लिही... वेळेवर येतो."
आणि मग, "राहू दे. बसच्या टायरांचं बघायचंय."
एका ओळीचा तो कागद
माझ्या खणात आहे, स्टेपलच्या डब्याखाली.
मॅव्हिसला मी कधी सांगितलं नाही.
तिनेही मला कधी विचारलं नाही,
यावरून मी काय ते समजले.

आता तो घरी असतो. गुडघे दोन्ही नवे.
नवा कोच आपली पत्रं आपणच लिहितो,
त्यात आकडे असतात, धावण्याचे सेकंद, उडीचे इंच.

मंगळवारी पेटिग्रूचा फोन आला.
वय बेचाळीस, विचिटात ट्रक चालवतो,
शाळेच्या बसवर नोकरी मिळतेय,
जुन्या कुणाचं तरी पत्र हवंय.
म्हटलं, कोच निवृत्त झाला रे.
"मग तुम्हीच लिहा. तुम्हाला तर पाठ असेल."

लिहिलं. हा मुलगा वेळेवर येतो.
या वेळी विचारूनही घेतलं, येतोस ना?
तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

सही मीच केली.
त्याच्यासारखीच, जराशी डावीकडे ओढलेली.